दह्यात मुरवलेल्या चिकनला पाणी का सुटते?

तुम्ही लिहिले आहे की, एक किलो चिकनला अर्धा किलो घरचे दही, दोन लिंबांचा रस, आले-लसूण आणि मसाला लावून तुम्ही ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवता आणि दुसऱ्या दिवशी ओटीजीच्या, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनच्या, ट्रेमध्ये पसरून २०० अंश सेल्सिअसवर पाऊण तास भाजता. तरीही ट्रेमध्ये पाणी साचते, मसाला तुकड्यांवरून सुटून त्या पाण्यात उतरतो, छातीचे तुकडे कोरडे आणि भुसभुशीत होतात, तंगडीच्या हाडाजवळ मात्र गुलाबी दिसते, आणि उरलेल्या मसाल्याचा रस्सा करायला घेतला की दही फाटते. सलग चार वेळा असे झाल्यावर, दोष दह्याचा, ओटीजीचा की आपल्या हाताचा, असे तुम्ही विचारले आहे.

मी बरीच वर्षे इंदूरमध्ये घरून जेवणाच्या ऑर्डरी घेते आणि सुट्टीच्या दिवसांत स्वयंपाकाचे वर्गही चालवते. तुमच्या तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकच आहे. दही मांसाच्या आत शिरून त्याला मऊ करते, असे आपण धरून चालतो आणि म्हणून भरपूर दही, भरपूर आंबटपणा आणि भरपूर वेळ देतो. प्रत्यक्षात दही आत शिरत नाही, आत शिरते ते मीठ. दह्याचे काम तुकड्याच्या पृष्ठभागावर चालते, आणि तिथे ते काम नीट होण्यासाठी दह्यातले पाणी आधीच काढून टाकावे लागते.

हे स्वतः पाहायचे असेल, तर रात्रभर मुरवलेला छातीचा एक जाड तुकडा भाजण्यापूर्वी मधोमध कापून बघा. हळद-तिखटाचा रंग कडेला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उतरलेला असतो आणि त्याच्या आत मांस जसेच्या तसे असते. दह्यातले लॅक्टिक आम्ल सौम्य असते, त्यामुळे पृष्ठभागावरची प्रथिने ते हळूहळू सैल करते आणि तेवढ्यापुरता मऊपणा खरोखर येतो. लिंबाचे आम्ल त्याच्यापेक्षा पुष्कळ तीव्र असते. ते रात्रभर लागून राहिले की बाहेरचा थर आगीशिवायच शिजल्यासारखा पांढरट होतो, पाणी धरून ठेवण्याची त्याची ताकद जाते आणि भाजल्यावर तो दाताखाली खडूसारखा लागतो. तुमच्या छातीच्या तुकड्यांचा भुसभुशीतपणा बहुधा इथूनच आलेला आहे. सुरुवातीच्या काळात एका मुंजीनंतरच्या चाळीस माणसांच्या जेवणासाठी मी हेच केले होते. आदल्या दुपारी लिंबू आणि दही लावून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजले. पाहुणे काही बोलले नाहीत, पण छातीचे तुकडे ताटांत तसेच उरले होते. त्या दिवसापासून माझ्याकडे लिंबू भाजून झाल्यावर, वाढतानाच पिळले जाते.

आता मिठाविषयी, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होते. मीठ आधी मांसातले थोडे पाणी बाहेर ओढते, मग त्याच पाण्यात विरघळून हळूहळू आत जाते आणि आतल्या प्रथिनांची रचना अशी सैल करते की, उष्णतेने आकसतानाही ती आपला रस बऱ्यापैकी धरून ठेवतात. आतपर्यंत चव पोहोचवण्याचे कामही तेच करते, कारण तिखट, गरम मसाला आणि लसूण यांपैकी काहीच फार आत जात नाही. हाडांसह एक किलो चिकनला १२ ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे दोन सपाट चहाचे चमचे पुरतात. ते दह्यात न कालवता कोरड्या तुकड्यांना आधी चोळावे आणि निदान एक तास, जमल्यास तीन तास, फ्रिजमध्ये ठेवावे. दही लावताना पुन्हा मीठ घालू नये. मीठ, तिखट आणि दही एकदमच लावले तर पदार्थ बिघडतो असे नाही, पण दह्याच्या पाण्यात मीठ विखुरले जाते आणि आत जायला त्याला फार वेळ लागतो.

मीठ चोळण्याआधी तुकडे कोरडे करणे आवश्यक आहे. आपल्या घरांत चिकन तीन-चार पाण्यांनी धुण्याची रीत आहे, पण कच्चे चिकन नळाखाली धुतल्याने त्याच्यावरचे जिवाणू नाहीसे होत नाहीत. उलट पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर जातात. जिवाणू मरतात ते उष्णतेने. न धुता मन मानत नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात तुकडे अलगद बुडवून काढावेत, पाणी हळूच ओतून द्यावे आणि सिंक साबणाने घासावे. त्यानंतर मात्र स्वच्छ कागदी रुमालाने प्रत्येक तुकडा टिपून घ्यावा. ओल्या तुकड्याला लावलेला मसाला टिकत नाही.

चिकन कधीचे आहे हेही महत्त्वाचे आहे. आपल्याकडे डोळ्यांसमोर कापून घेतलेले चिकन सर्वांत ताजे म्हणून आपण समाधानाने घरी आणतो आणि तासाभरात शिजवायला घेतो. कापल्यानंतर कोंबडीचे स्नायू काही काळ ताठरतात आणि तो ताठरपणा उतरायला साधारण चार ते सहा तास लागतात. त्याआधी भाजलेले मांस कितीही दही लावले तरी चिवट लागते. सकाळी आणलेले चिकन स्वच्छ करून, मीठ लावून, झाकून फ्रिजमध्ये ठेवले की या दोन्ही गोष्टी एकाच वेळात साधतात. गोठवलेले चिकन असेल तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून विरघळू द्यावे आणि सुटलेले पाणी पूर्णपणे टाकून द्यावे.

दुकानात मिळणारी ब्रॉयलर कोंबडी अवघ्या सहा आठवड्यांच्या आसपासची असते. ती मुळातच कोवळी असते, त्यामुळे तिला कच्च्या पपईची गरज नाही. पपईतले पपेन मांसाचे तंतू तोडते, आणि कोवळ्या मांसावर ते दोन तासांहून अधिक राहिले तर तुकड्याचा वरचा भाग लगद्यासारखा होतो. गावरान कोंबडीची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे झाबुआहून हौसेने कडकनाथ आणला जातो. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ही हौस वाढली आहे, आणि तो दह्यात मुरवून भाजता येईल का, असे मला दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारते. माझे उत्तर नेहमी नाही असे असते. सावकाश वाढलेल्या, मोकळ्या फिरलेल्या पक्ष्याच्या मांसात जोडणाऱ्या ऊती पक्क्या असतात, आणि त्या मऊ व्हायला ओली, मंद आच आणि भरपूर वेळ लागतो. कडकनाथाचा रस्साच करावा. ओटीजीत तो भाजणे म्हणजे महाग आणि चांगल्या जिनसाचे नुकसान करणे होय.

आता दही. दह्यात वजनाच्या साधारण ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असते. अर्धा किलो दही लावले म्हणजे चारशे ग्रॅमहून जास्त पाणी आपणच ट्रेमध्ये ठेवले. तापल्यावर दह्यातली प्रथिने आकसून ते पाणी सोडून देतात आणि मसाला त्याच्याबरोबर वाहून जातो. म्हणून श्रीखंडासाठी आपण जसा चक्का बांधतो तसाच इथेही बांधायचा. म्हशीच्या किंवा पूर्ण सायीच्या दुधाचे, फार आंबट नसलेले अर्धा किलो दही मलमलच्या फडक्यात बांधून चार तास टांगले की दोनशे-अडीचशे ग्रॅम चक्का मिळतो आणि एक किलो चिकनला तो पुरेसा होतो. मे महिन्यात ते ओट्यावर टांगू नये. इंदूरच्या त्या उकाड्यात दोन तासांत त्याला आंबूस वास येतो, त्यामुळे चाळणीत फडके ठेवून खाली भांडे द्यावे आणि सगळे फ्रिजमध्ये सरकवावे. निथळलेले पाणी कणीक भिजवायला वापरावे, पोळ्या मऊ होतात.

चक्का इतका आवश्यक का, याचे आणखी एक कारण आहे. आपल्याकडे चिकन बहुतेक वेळा कातडी काढूनच मिळते. कातडी आणि तिच्याखालची चरबी भाजताना मांसाचे रक्षण करते, आणि ती नसल्यावर ते काम दुसऱ्या कशाने तरी करायला हवे. चक्का, तेल आणि थोडे भाजलेले बेसन यांचा घट्ट थर हीच त्या तुकड्याची नवी कातडी असते. ती आधी सुकते, मग तांबूस होते, आणि तोवर आतले मांस थेट आचेपासून वाचते. पातळ दह्याला हे साधत नाही.

मसाला मी असा करते. दोन मोठे चमचे मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवून, उतरवून कोमट होऊ द्यावे आणि त्यात एक मोठा चमचा काश्मिरी मिरचीपूड आणि अर्धा चहाचा चमचा हळद कालवावी. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. तो असा तेलात उतरवून घेतला की बाजारचा कृत्रिम रंग घालावा लागत नाही. तेल मात्र कोमटच असावे, कडकडीत तेलात मिरची करपून कडू होते. मोहरीच्या तेलाचा उग्रपणा ज्यांना चालत नाही त्यांनी शेंगदाण्याचे तेल घ्यावे. त्यात चक्का, दीड मोठा चमचा आले-लसणाचे घट्ट वाटण, एक चहाचा चमचा गरम मसाला, तेवढीच धणेपूड, चुरडलेली कसुरी मेथी आणि कोरडे भाजलेले एक मोठा चमचा बेसन घालून सारखे करावे. वाटण पाणी न घालता करावे, आणि त्यात आल्यापेक्षा लसूण जास्त असावा. ताज्या आल्यातही पपईप्रमाणे प्रथिने तोडणारे द्रव्य असते, त्यामुळे आल्याचा हात सैल सोडला तर तुकडे बाहेरून पिठूळ होतात. वाटलेला कच्चा कांदा यात घालू नये, त्याचेही पाणीच सुटते.

मीठ लावून ठेवलेल्या तुकड्यांवर सुटलेला ओलावा पुन्हा टिपून घ्यावा. तंगडीला आणि मांडीला हाडापर्यंत दोन-तीन खोल काप द्यावेत, छातीला उथळ. कापांत बोटाने मसाला भरावा. चार ते आठ तास पुरतात. छातीचे बिनहाडाचे तुकडे असतील तर तीन तासही खूप झाले. भांडे स्टीलचे, काचेचे किंवा चिनी मातीचे घ्यावे. आजीच्या वेळची पितळी पातेली आपल्या अनेक घरांत अजून आहेत, पण कल्हई उडालेल्या पितळेत किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात दही मुरत ठेवू नये, आम्लामुळे धातू अन्नात उतरतो. आणि मुरवणे हे सर्वस्वी फ्रिजमध्येच, पाच अंशांच्या खाली व्हावे, हिवाळ्यातही.

ओटीजीची तुमची पद्धत दोन ठिकाणी बदलायला हवी. पहिली गोष्ट ट्रेची. सपाट ट्रेमध्ये ठेवलेला तुकडा स्वतःच्याच रसात बसतो, आणि जोवर त्याच्याभोवती पाणी आहे तोवर त्याच्या पृष्ठभागाचे तापमान पाण्याच्या उकळबिंदूच्या वर जात नाही. भाजल्याचा तांबूस रंग आणि खमंगपणा येण्यासाठी ते १४० अंशांच्या वर जावे लागते. तुम्ही पाऊण तास जे करत होता ते भाजणे नव्हते, ते वाफवणे होते. म्हणून तुकडे जाळीवर, एकमेकांपासून दोन बोटे अंतर ठेवून मांडावेत आणि ट्रे जाळीच्या खाली सरकवावा, म्हणजे गळणारा रस तिथे पडेल. दुसरी गोष्ट आचेची. हॉटेलातल्या तंदूरची धग ४०० अंशांच्या आसपास असते. घरच्या ओटीजीची मर्यादा बहुधा २५० असते, त्यामुळे जी मिळते ती पूर्ण घ्यावी. दोन्ही रॉड लावून वीस मिनिटे रिकामा ओटीजी २४०-२५० वर तापू द्यावा, आणि एका वेळी अर्धा किलोच भाजावे. सगळे चिकन एकदम कोंबले की आतली वाफ बाहेर पडत नाही आणि आपण पुन्हा तिथेच येतो.

फ्रिजमधून काढलेले तुकडे वीस मिनिटे बाहेर ठेवून मग आत घालावेत. बारा-पंधरा मिनिटांनी उलटावेत आणि त्याच वेळी पातळ तुपाचा किंवा लोण्याचा हात फिरवावा. छातीचे तुकडे पंधरा ते अठरा मिनिटांत होतात, ते आधी काढून घ्यावेत. तंगडी आणि मांडीला पंचवीस ते तीस मिनिटे लागतात. दोन्ही एकत्र ठेवून एकत्र काढणे हे छाती कोरडी होण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. शेवटची तीन मिनिटे फक्त वरचा रॉड ठेवून कडा करपू द्याव्यात. ज्यांच्याकडे ओटीजी नाही त्यांनी जाड लोखंडी तवा चांगला तापवून, तेल सोडून, चार-पाच तुकडेच ठेवावेत आणि ते तव्यावरून आपसूक सुटेपर्यंत उलटू नयेत. दोन्ही बाजूंनी रंग आल्यावर आठ-दहा मिनिटे मंद आचेवर झाकण, आणि शेवटी झाकण काढून मोठी आच. प्रेशर कुकर या पदार्थाच्या कामाचा नाही.

शेगडी पेटवायची सोय असेल तर तिची सर कशालाच नाही. माळव्यात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. गोवऱ्यांची ज्वाळा बसून वर राख धरल्याशिवाय आपण कणकेचे बाफले भाजायला ठेवत नाही, तोच नियम इथे लावावा. लाकडी कोळशावर पांढरी राख आली की जाळी ठेवावी, त्याआधी नाही. शेगडी गच्चीवर किंवा अंगणातच पेटवावी. बंद स्वयंपाकघरात जळत्या कोळशाचा विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो. ओटीजीतल्या चिकनला कोळशाचा वास हवा असेल तर धुंगार द्यावा. पातेल्यात तुकडे ठेवून मधोमध वाटीत एक लालबुंद लाकडी कोळसा ठेवावा, त्यावर अर्धा चमचा तूप सोडावे आणि झाकण लावावे. तीन मिनिटांहून जास्त ठेवला तर चव कडवट होते.

हाडाजवळच्या गुलाबी रंगाने तुम्ही घाबरलात ते स्वाभाविक आहे, पण तो रंग हा कच्चेपणाचा खात्रीचा पुरावा नाही. कोवळ्या कोंबडीची हाडे सच्छिद्र असतात आणि त्यांतल्या मज्जेचा रंग भाजताना लगतच्या मांसात उतरतो. त्यामुळे पूर्ण शिजलेली तंगडीही हाडाशी तांबूस दिसू शकते. उलट, रंग पांढरा दिसला म्हणून मांस शिजले असेही समजू नये. खरा निकष तापमानाचा आहे. टोचून पाहण्याचा थर्मामीटर एकदा विकत घ्यावा आणि सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा. ७४ अंश सेल्सिअसला चिकन सुरक्षित असते. छाती तिथेच थांबवावी. मांडी आणि तंगडी ८० ते ८५ पर्यंत नेली तर अधिक चांगली लागते, कारण त्यांच्यातल्या चिवट ऊती त्या तापमानाला विरघळून मऊ होतात. थर्मामीटर नसेल तर सांध्यापाशी सुरी खुपसून रस पूर्ण नितळ येतो का आणि मांस हाडापासून सहज सुटते का, हे दोन्ही पाहावे. बाहेर काढल्यावर पाच-सात मिनिटे तुकड्यांना हात लावू नये.

रस्सा फाटण्याचा उपाय प्रत्येक मराठी घरात आधीपासून आहे. कढी फुटू नये म्हणून आपण ताकाला डाळीचे पीठ लावतो आणि सतत ढवळतो. आंबट दह्यातली प्रथिने उष्णतेने एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात, आणि पिठातला स्टार्च त्यांच्यामध्ये येऊन ते रोखतो. चिकनच्या रस्श्यालाही हेच लागू आहे. कांदा-टोमॅटोचा मसाला परतून झाल्यावर गॅस बंद करावा. उरलेला चक्क्याचा मसाला फ्रिजचा गार न घेता खोलीच्या तापमानावर आणलेला असावा, त्यात एक चमचा बेसन आणि दोन चमचे पाणी घालून तो घोटून घ्यावा, आणि चमच्या-चमच्याने मिसळावा. मग मंद आचेवर उकळी येईपर्यंत ढवळत राहावे. हा मसाला कच्च्या चिकनला लागलेला असल्यामुळे त्याला निदान पाच मिनिटे खळखळ उकळू देणे अनिवार्य आहे. भाजून झालेल्या तुकड्यांवर तो ब्रशने वरून कधीही लावू नये.

घरात सासूबाई मांसाहार करत नाहीत, त्यांच्यासाठी याच मसाल्यात पनीर करता येईल का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. अवश्य करता येईल. चिकनला हात लावण्यापूर्वीच मसाल्याचा तिसरा हिस्सा वेगळ्या भांड्यात काढून ठेवावा आणि त्यात पाव चमचा मीठ घालावे, कारण आपण मीठ फक्त चिकनला लावलेले आहे. पनीरला मुरायला अर्धा तास पुरतो. त्याच्यासाठी जाळी आणि चिमटा वेगळा ठेवावा, आणि ओटीजी तापल्यावर पनीर सर्वांत आधी भाजून काढावे. दहा मिनिटांत ते होते, आणि त्या वेळात फ्रिजमधून काढलेल्या चिकनचा गारवाही थोडा कमी होतो.